उठून जाता न येणाऱ्यांचे स्वातंत्र्य

गेल्या महिन्यात भाचीच्या बाळाच्या बारशाला आम्ही सगळे जुळे सोलापुरातल्या एका मंगल कार्यालयात जमलो होतो. नाव ठेवून झाले, घुगऱ्या वाटून झाल्या, बायका पाळण्याभोवती आणि पुरुष खिडकीकडच्या खुर्च्यांवर असे नेहमीचे दोन गट पडले आणि एसी चालू असल्यामुळे दारे-खिडक्या लावून घेतलेल्या त्या सभागृहात दाजींनी सिगारेट पेटवली. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, त्याच बाळाचे आजोबा. त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून माझी आई बसली होती. तिचे वय ७६ आहे, तिने आयुष्यात कधी विडी ओढलेली नाही, आणि तरीही गेली काही वर्षे श्वासनलिकांच्या जुनाट आजारामुळे तिच्या पिशवीत श्वासाचा पंप कायम असतो. तिला खोकल्याची उबळ आली तेव्हा माझे थोरले भाऊ अण्णा म्हणाले, "दाजी, ती विझवा की. सार्वजनिक जागा आहे, कायदा आहे." दाजींनी ती विझवली असती असे मला अजूनही वाटते, कारण ते मनाने वाईट नाहीत. पण अण्णांनी लगेच पुढे जोडले, "तुमच्या लोकांना कायदा फक्त दुसऱ्यांसाठी पाहिजे असतो."

'तुमच्या लोकांना' हे शब्द आल्यावर सिगारेट बाजूला राहिली. दाजी एका पक्षाचे जुने कार्यकर्ते, अण्णा त्याच्या विरोधातल्या पक्षाचे कट्टर मतदार. दाजी म्हणाले, "आज सिगारेट बंद, उद्या ताटात काय वाढायचं तेही सरकारच ठरवणार." अण्णा म्हणाले, "ताटातलं ठरवायला सुरुवात कोणी केली, ते आधी सांगा." मग २०१५ सालचा गोवंश हत्याबंदीचा कायदा आला, करोनातले निर्बंध आले, दिल्ली आली, मुंबई आली. "हा काय मार्शल लॉ आहे का?" असेही दाजी एकदा म्हणाले. अर्धा तास असा गेला. मी आईला प्रसादाची वाटी द्यायला वळले तेव्हा तिची खुर्ची रिकामी होती. ती बाहेर जिन्याच्या पायरीवर, भिंतीला टेकून, पंप हातात धरून बसली होती. ती कधी उठली हे मी पाहिले नव्हते, आणि तिच्यासाठी भांडणाऱ्या अण्णांनीही पाहिले नव्हते.

मी गेली २२ वर्षे शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. मूलभूत हक्कांचा पाठ दरवर्षी येतो, आणि स्वातंत्र्य या शब्दावर वर्गात मुलेही अशीच भांडतात. त्या दिवसापासून मात्र हा पाठ माझ्या मनात एका जिन्याच्या पायरीशी जोडला गेला आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिली गोष्ट अशी की ही बंदी कोणत्याही एका पक्षाची नाही, आणि दाजी व अण्णा दोघांनाही हे माहीत असायला हवे होते. केरळ उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सार्वजनिक ठिकाणचे धूम्रपान बेकायदा ठरवले. मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी देशभरासाठी आदेश दिला. त्या वेळी केंद्रात वाजपेयी यांचे सरकार होते, आणि त्याच सरकारच्या काळात २००३ चा सिगारेट व तंबाखूजन्य पदार्थांचा कायदा संसदेत मंजूर झाला. तो प्रत्यक्षात नीट लागू करणारे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून अमलात आले, तेव्हा पंतप्रधान मनमोहन सिंग होते आणि आरोग्यमंत्री अंबुमणी रामदास. आपल्या राज्यातही तेच घडले. गुटखाबंदी २०१२ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारने आणली; डिसेंबर २०१७ मधल्या मुंबईतल्या कमला मिलच्या आगीत १४ जणांचे प्राण गेल्यानंतर हुक्का पार्लरवरची बंदी २०१८ मध्ये भाजप-शिवसेनेच्या सरकारने आणली; आणि २०२० मध्ये सुटी सिगारेट व सुटी विडी विकण्यावरची बंदी महाविकास आघाडीच्या सरकारने. तिन्ही वेळा आमच्या घरात वाद झाला, आणि बंदी आपल्या पक्षाची की समोरच्याच्या पक्षाची एवढे पाहूनच दाजी आणि अण्णा यांच्या भूमिका ठरल्या. गोवंशाच्या प्रश्नावर दाजी समाजहित सांगत होते आणि अण्णा व्यक्तिस्वातंत्र्य. सिगारेटवर येताच दोघांनी शब्दांची अदलाबदल केली. स्वातंत्र्य हे दोघांच्याही लेखी गरजेपुरते बाहेर काढायचे शस्त्र झाले आहे, याचे मला खरोखर वाईट वाटते.

परदेशातही या प्रश्नाला उपजत पक्ष नाही. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाच्या सरकारची सुरुवातीची योजना, जेवण न देणाऱ्या पबना सूट द्यावी अशी अर्धवट होती. १४ फेब्रुवारी २००६ रोजी खासदारांना पक्षादेशाविना मत देण्याची मोकळीक मिळाली आणि संपूर्ण बंदीच्या बाजूने ३८४ विरुद्ध १८४ मते पडली. पुढे, २००९ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कधीच तंबाखू विकू नये ही कल्पना २०२३ मध्ये हुजूर पक्षाचे ऋषी सुनक यांनी मांडली, त्यांच्याच पक्षाच्या माजी पंतप्रधान लिझ ट्रस यांनी तिला विरोध केला, आणि निवडणुकीनंतर तेच विधेयक मजूर पक्षाने पुढे नेले. उलट न्यूझीलंडमध्ये तशाच स्वरूपाचा २०२२ चा कायदा सत्तांतर झाल्यावर २०२४ मध्ये रद्द झाला. अमेरिकेत दुसऱ्याच्या धुराने न ओढणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग होतो हे १९८६ च्या सरकारी अहवालात ठामपणे मांडणारे सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे प्रमुख आरोग्य सल्लागार, एव्हरेट कूप हे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नेमलेले, पक्के परंपरावादी डॉक्टर होते. त्याआधी १९८१ मध्ये जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी धूम्रपान करणाऱ्या नवऱ्यांच्या, स्वतः न ओढणाऱ्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तो मी प्रथम वाचला तेव्हा मला आमची साखर पेठेतली एक खोली आठवली. त्या खोलीकडे मी पुढे येणारच आहे.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगितली पाहिजे. धूम्रपानाचे स्वातंत्र्य ही घोषणा अनेक देशांत आपोआप उगवलेली नाही. ब्रिटनमधली 'फॉरेस्ट' नावाची संघटना १९७९ पासून धूम्रपान करणाऱ्यांच्या हक्कांसाठी बोलते, आणि तिचा खर्च प्रामुख्याने तंबाखू कंपन्यांनी चालवला. अमेरिकेतही अशा संघटनांमागे कंपन्यांचा पैसा होता. तरीही युक्तिवादाला कोणी पैसे पुरवले एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही. तो तपासावा लागतो. प्रौढ माणसाने स्वतःच्या शरीराचे काय करावे हे सरकारने ठरवू नये, हे तत्त्व मला मान्य आहे. दाजींनी आपल्या गच्चीवर एकटे उभे राहून दिवसभर सिगारेटी ओढल्या तर त्यांची मेहुणी म्हणून मला दुःख होईल, पण नागरिक म्हणून मी त्यांना अडवणार नाही.

आणि त्या 'मार्शल लॉ' शब्दाबद्दल. सोलापुरात हा शब्द जपून वापरावा असे मला मनापासून वाटते. मे १९३० मध्ये या शहरावर इंग्रजांनी खरोखरच मार्शल लॉ लादला होता. डोक्यावर गांधी टोपी घातली म्हणून माणसे पकडली जात होती. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली, आणि त्यांच्या पुतळ्यांवरून आपण रोज ये-जा करतो. टोपीमुळे शेजारच्याचा श्वास कोंडत नव्हता. ती हिसकावून घेणाऱ्या सत्तेला फक्त माणसे वाकवायची होती. बंद सभागृहातल्या सिगारेटीवरच्या २०० रुपये दंडाला तेच नाव दिले तर त्या चौघांनी कशासाठी प्राण दिले हेच मुलांना कळेनासे होईल.

आपल्या महाराष्ट्रात हा वाद पूर्वी फार मोठ्या माणसांनी घातलेला आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींचे संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला संमती देण्याचे किमान वय, १० वरून १२ वर नेले. टिळकांचा त्याला विरोध होता. समाजाच्या चालीरीतींत परक्या सरकारने कायद्याने हात घालू नये, सुधारणा आतून व्हावी, हे त्यांचे म्हणणे होते, आणि पारतंत्र्याच्या काळात त्यात वजनही होते. आगरकर हे मिल आणि स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांना वाचून घडलेले, व्यक्तिस्वातंत्र्याचे त्यांच्याइतके निष्ठावान पुरस्कर्ते त्या काळात थोडेच असतील, आणि तरीही ते कायद्याच्या बाजूने उभे राहिले. वर्गात मुले मला विचारतात, स्वातंत्र्य मानणारा माणूस सरकारी बंधन कसे मागतो? मी त्यांना सांगते की आगरकरांनी त्या वादात नवऱ्याच्या, शास्त्रीबुवांच्या किंवा सरकारच्या जागी उभे राहून पाहिले नाही. त्यांनी त्या १० वर्षांच्या मुलीच्या जागी उभे राहून पाहिले, जिला ते घर सोडून कुठेही जाता येत नव्हते. ज्याला जागा सोडता येते त्याच्या स्वातंत्र्याला कायद्याची फारशी गरज नसते. जागा सोडता येत नाही अशांसाठीच कायदा लागतो.

धूम्रपानबंदीचा सगळा कायदा मी या एका कसोटीवर वाचते. एसटीच्या बाकावर बसलेली गर्भार बाई उठून कुठे जाईल? हॉटेलात १० तास काम करणारा पोऱ्या, दवाखान्याच्या व्हरांड्यात नंबर लावून बसलेला दमेकरी, कोर्टात तारखेला आलेला शेतकरी, यांना त्या जागेत थांबण्यावाचून पर्याय नसतो. २००८ च्या नियमांत हे बारकाईने पाहिलेले दिसते. जबाबदारी फक्त ओढणाऱ्यावर नाही, जागेच्या मालकावर आणि व्यवस्थापकावरही आहे. प्रवेशद्वाराशी किमान ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक त्याने लावायचा, आत राखदाणी किंवा काडेपेटी ठेवायची नाही. मूळ कायद्याने मोकळी जागा वगळली आहे, पण स्टेडियम, रेल्वे स्थानक, बसथांबा अशा लोकांची गर्दी असणाऱ्या जागा नियमांनी पुन्हा आत घेतल्या. दाजींना गच्ची आहे, अंगण आहे, मोकळे मैदान आहे. त्यांच्याकडून एवढेच मागितले आहे की चार पावले चालावीत.

पण दाजींच्या बाजूने जे बोलायला हवे होते आणि ते बोलले नाहीत, ते मला इथे लिहायलाच हवे. हा कायदा सर्वांवर सारखा पडत नाही. ३० किंवा अधिक खोल्यांचे हॉटेल, ३० किंवा अधिक आसनांचे उपाहारगृह आणि विमानतळ यांना वेगळी धूम्रपान खोली ठेवता येते. म्हणजे ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला छप्पर आणि खुर्ची मिळते, आणि पाळी संपवून बसथांब्यावर विडी पेटवणाऱ्या यंत्रमाग कामगाराच्या हातात पावती पडते. २०० रुपये दाजींना काहीच नाहीत, त्या कामगाराच्या मजुरीतला तो मोठा तुकडा आहे. धूम्रपान खोलीची साफसफाई करणारा कामगार त्या धुरातच उभा असतो, त्यामुळे माझ्या कसोटीवर ही सवलत टिकत नाही. ती काढून टाकली पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि सोलापुरात हा प्रश्न विडीवाचून पुरा होत नाही. माझी आई ३० वर्षे विड्या वळत होती. कारखान्यातून पाने, तंबाखू आणि दोरा मोजून मिळायचा. रात्री पाने भिजवायची, पहाटे कात्रीने कापायची, मग मांडीवर सूप घेऊन संध्याकाळपर्यंत वळत बसायचे. मजुरी हजाराच्या हिशेबाने, आणि तपासताना नापास झालेल्या विड्या वजा. शाळेतून आल्यावर दोरा बांधायला आम्ही बहिणी बसायचो. आमच्या साखर पेठेतल्या एका खोलीत चूल होती, तंबाखूची भुकटी होती आणि यंत्रमागावरून आलेल्या वडिलांची विडी होती. आईचे फुप्फुस नेमके कशाने गेले हे डॉक्टर सांगू शकले नाहीत; तिघांनी मिळून ते नेले असावे. वडिलांना "जरा बाहेर जाऊन ओढा" असे ती कधीच म्हणाली नाही. घरातल्या कर्त्या पुरुषाला तसे म्हणण्याची रीत नव्हती, आणि तिला स्वतःला बाहेर जाऊन बसायला दुसरी खोली नव्हती.

त्याच विडीने आमची फी भरली. आईच्या बरोबरीच्या कितीतरी जणी, त्यांतल्या बऱ्याचशा तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांतल्या, आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांत राहिल्या. माकपचे नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने सोलापूरजवळच्या कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांची १०,००० घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत घरे सुपूर्द झाली, तेव्हा आईच्या एका मैत्रिणीने स्वतःच्या दाराला पहिल्यांदा कुलूप लावले. म्हणून वेष्टनावरच्या सचित्र इशाऱ्यांचा किंवा तंबाखूवरच्या कराचा प्रश्न आला की विडी कामगार बायका मोर्चा काढतात आणि आधी दुसरे काम द्या म्हणतात, तेव्हा त्यांना कर्करोगाच्या समर्थक म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांची मागणी अगदी न्याय्य आहे. मात्र बसथांब्यावर विडी न ओढण्याच्या नियमाने त्यांचे काम जात नाही, हेही तितकेच खरे आहे, आणि राजकीय सभांमधून या दोन गोष्टी मुद्दाम एकत्र कालवल्या जातात. मालकांचा नफा बोलताना नेहमी कामगार बायकांचा पदर पुढे करतो.

पक्षांच्या लोकांनीही याची किंमत मोजलेली आहे. शरद पवार यांच्यावर २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, आणि पुढे माढ्याचे खासदार झालेल्या पवारांनी आपल्या व्यसनाबद्दलचा पश्चात्ताप जाहीरपणे बोलून दाखवला आहे. आर. आर. पाटील २०१५ मध्ये त्याच आजाराने गेले. ती सवय धुराची नव्हती, हे मला मान्य आहे. आपल्याकडे धुरापेक्षा मळलेल्या तंबाखूचे प्रमाण कितीतरी जास्त आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात आपल्या देशातले १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आणि २१.४ टक्के धूरविरहित तंबाखू खाणारे आढळले. पण तंबाखू मळणारा माणूस शेजारच्याच्या फुप्फुसात काही घालत नाही. त्याच्यासाठी समजावणे, उपचार आणि कर ही साधने पुरेशी मानता येतील. धुराचे तसे नाही.

त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा मला अधिक छळतो. ३८.७ टक्के प्रौढांना दुसऱ्याचा धूर त्यांच्या स्वतःच्या घरात सोसावा लागत होता, आणि बंदिस्त कामाच्या जागी ३०.२ टक्क्यांना. ज्या जागेत कायदा जातो तिथे प्रमाण कमी, आणि ज्या जागेत तो जाऊ शकत नाही तिथे जास्त. घरात पोलीस यावा असे मी कधीही म्हणणार नाही. परंतु दाजी आणि अण्णा ज्या स्वातंत्र्यावरून भांडले ते बाहेरच्या जागेतले होते, आणि माझ्या आईने जे गमावले ते बहुतेक सगळे घरात गमावले. एवढ्या वर्षांत कोणत्याही पक्षाच्या व्यासपीठावरून मी त्याबद्दल एक शब्द ऐकलेला नाही.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी मी त्या कार्यालयात परत गेले. जिन्याजवळ ए-फोर कागदावर छापलेली एक सूचना पिवळी पडून चिकटलेली होती, आणि खिडकीच्या कट्ट्यावर स्टीलची राखदाणी होती. व्यवस्थापकांना मी नियम दाखवले. ते म्हणाले, "मॅडम, पाहुण्यांना कसं बोलायचं? लग्नाघरी भांडण नको असतं." मी म्हटले, तुम्ही बोलू नका, फलक बोलेल, राखदाणी तेवढी उचला. त्यांनी ती माझ्यासमोर उचलली. फलक लावायला १५ दिवस लागले, पण लावला; मी पट्टी नेऊन मापला.

दाजींना मी फोन केला. कायदा, पक्ष, आगरकर, यांतले काही बोलले नाही. एवढेच सांगितले की त्या दिवशी तुमची चर्चा चालू असताना आई अर्धा तास जिन्यात बसली होती. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला वाटलं, त्या बाळाला बघायला गेल्या." अण्णांनाही मी तेच सांगितले, आणि तेही गप्पच झाले.

मागच्या रविवारी दोघे आईला भेटायला घरी आले होते. राजकारण निघाले, आवाज चढले, सरकारे पाडून उभी केली गेली. मधेच दाजी उठले आणि खिशातली पेटी चाचपत अंगणात लिंबाखाली गेले. आईने खिडकीतून हाक मारली, "जावईबापू, अजून थोडं पलीकडं व्हा, वारा इकडंच येतोय." तिने कोणालाही असे सांगितलेले मी पहिल्यांदाच ऐकले. दाजी फाटकापर्यंत गेले.